सहकुटुंब सायकलप्रवास

जवळा बाजार व भोवतालच्या खेड्यांतील मुलांस सायकल नवीन नाही. शाळा भरण्याच्या वेळी रस्त्यावर उभे राहिले तर सायकलींची रांगच लागलेली दिसते. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींस शाळेत येण्याजाण्याकरिता सायकली मिळू लागल्यापासून तर ज्या घरी पूर्वी सायकल नव्हती तेथेही ती भिंतीशी टेकून उभी असते. तथापि शाळा आणि बाजार यांपलीकडे तिचा काही उपयोग आहे, असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. आईबाप व लेकरे सायकलींवर बसून परगावी निघाली, वाटेत मुक्काम केले आणि पाहुण्यांच्या दारी जाऊन उतरली, हे दृश्य आपल्याकडे विरळाच.

गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही, मुलांची आई, बारा वर्षांची थोरली मुलगी व नऊ वर्षांचा धाकटा मुलगा, असे चौघे जवळा बाजाराहून जालन्यास सायकलीने गेलो. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. तेव्हापासून विद्यार्थी व पालक आम्हांस नाना प्रश्न विचारीत असतात. मुले दमली नाहीत काय? मोटारींचे भय वाटले नाही काय? मुलीला कसे नेले? या सर्वांस एकदाच उत्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहो. प्रथमच कबूल करावयाचे ते हे की, नाताळातील प्रवास हा आमचा दुसरा यत्न होता. पहिला दिवाळीच्या सुटीत झाला व त्यात आमची चांगलीच फजिती झाली.

सायकलीने दूरचा प्रवास करण्याची हौस आपल्या प्रांतात जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर प्रवास करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परत आले. परंतु ते कसलेले व्यायामपटू होते व मुलेबाळे बरोबर नव्हती. आमच्या कामाचे उदाहरण निराळेच आहे. अमेरिकेतील जॉन व नॅन्सी व्होगेल हे पतिपत्नी, दोघेही शिक्षक, आपल्या दहा वर्षांच्या जुळ्या मुलांस घेऊन २००८ सालच्या जूनमध्ये अलास्काच्या उत्तर टोकाहून सायकलीने निघाले आणि २०११ सालच्या मार्चमध्ये दक्षिण अमेरिकेच्या तळाशी उशुआया गावी पोहोचले. एकंदर अंतर सुमारे २७,८०० किलोमीटर. हा आकडा वाचून छाती दडपते. पण लागलेल्या दिवसांनी त्यास भागून पाहावे. विश्रांतीचे दिवस धरून रोजची सरासरी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरच येते! हा भागाकार आम्ही दिवाळीपूर्वी केला असता तर पुढची गोष्ट घडती ना.

आम्ही गणित शिकवितो. असे असून नकाशा पुढे घेऊन दीडशेला तिनाने भागिले, पन्नास आले, आणि पन्नास किलोमीटर म्हणजे काय मोठेसे, असे ठरवून मोकळे झालो. मुलांची आई जवळच बसली होती. ती म्हणाली, “अहो, हा भागाकार तुमच्या पायांचा केलात की त्याच्या?” आम्ही हसून तो प्रश्न टाळिला.

निघण्याचे सहाचे ठरले होते, सामान बांधता बांधता आठ झाले. औंढ्यास दहाच्या सुमारास पोहोचलो. तेथे थांबावयाचे सोडून, सायंकाळपर्यंत जिंतूर गाठू, म्हणून पुढे निघालो. रस्ता चढउताराचा, ऑक्टोबरचे ऊन अद्याप ओसरले नव्हते. मूल दमले म्हणजे तक्रार करील, आपण थांबू, अशी आमची समजूत. धाकटा तक्रार करीत नव्हता. तो मुळी बोलतच नव्हता, आणि त्याचे हे मौन आम्ही शहाणपण समजलो. एका चढावर त्याची सायकल डुलली व तो रस्त्याच्या कडेस बसला. त्यास वांती झाली. हात थरथरत होते. शेजारच्या शेतात कापूस वेचणारी एक बाई धावत आली. तिने त्यास लिंबाच्या सावलीत नेले, आपल्या घागरीतील पाणी त्याच्या तोंडास लाविले आणि आम्हांस म्हणाली, “दादा, लेकराच्या तोंडाकडं बघा की जरा. मोठी माणसं चाललीत म्हणून ते चाललंय.” त्या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हते. तासाभराने मुलगा सावरला. आम्ही तेथूनच मागे फिरलो. त्या रात्री औंढ्यास आम्हांस झोप आली नाही. मुलगा मात्र स्वस्थ निजला होता, याबद्दल देवाचे उपकार मानले.

घरी आल्यावर मुलांची आई आम्हांस काही बोलली नाही. मुलांस घेऊन आम्ही अंगणात बसलो व सायकली उलट्या करून दाते मोजले. हे मोजणे प्रत्येक विद्यार्थ्याने करून पाहावे, म्हणून सविस्तर देतो. आमच्या मोठ्या सायकलीचे चाक २८ इंची. त्याचा परीघ सुमारे सव्वादोन मीटर. पायडलाच्या चक्रास ४४ दाते व मागील फ्रीव्हीलास १८. म्हणजे पायडलाचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते व सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. किलोमीटरला १८३ फेरे झाले. धाकट्याचे चाक २० इंची, परीघ १.६ मीटर, दाते ३६ व १८, म्हणून एका फेऱ्यात चाक दोनदा फिरते व ३.२ मीटर अंतर पडते. त्यास किलोमीटरला ३१२ फेरे मारावे लागतात. आम्ही तीस किलोमीटर गेलो तर आमचे साडेपाच हजार फेरे होतात, त्याचे नऊ हजार तीनशेहून अधिक. तितकेच फेरे आम्ही मारिले असते तर एक्कावन्न किलोमीटर गेलो असतो. आता, त्याचा प्रत्येक फेरा आमच्या फेऱ्याहून हलका असतो, हे खरे. परंतु पायही नऊ वर्षांचेच असतात.

यात उन्हाची भर घालावी. लहान मुलाच्या देहास वजनाच्या मानाने त्वचेचा विस्तार अधिक, म्हणून कडक ऊन त्यास मोठ्या माणसापेक्षा लवकर तापविते. त्यास घामही आपल्याइतका येत नाही. शरीरात साठविलेली शक्तीही थोडी असते, आणि ती संपत आल्याची सूचना मूल शब्दांनी देत नाही. ते गप्प होते, रेंगाळते, उगाच चिडते किंवा सरळ रेषा सोडून वाकडेतिकडे चालवू लागते. आमच्या मते ही चार लक्षणे बापाने घड्याळापेक्षा अधिक जपून पाहावी. नऊ-दहा वर्षांच्या मुलास दिवसास तीस किलोमीटर, फार तर चाळीस, आणि बारा-तेरा वर्षांच्यास पन्नास, हे माप आम्हांस योग्य वाटते. कुटुंबात दोन्ही वयांची मुले असतील तर माप लहानाचे धरावे. थोरलीस हे पटविण्यास आम्हांस आठवडा लागला.

नाताळपर्यंतचे सात आठवडे आम्ही तयारीत घालविले. मुलांच्या आईने लग्नापूर्वी शाळेत असता सायकल चालविली होती, पुढे वीस वर्षांत हात लाविला नव्हता. ती पहाटे मैदानावर जाऊन पुन्हा शिकली. दर रविवारी उपासनेनंतर चौघे मिळून दहा-पंधरा किलोमीटर फिरून येत असू. सामानासह सराव करावा, हे येथे मुद्दाम सांगतो. कॅरियरवर ओझे चढले की ओळखीची सायकलही परकी होते व उतारावर ब्रेक उशिरा लागतो. ओझे आईबापांच्या सायकलींस, दोन्ही बाजूंस सारखे व जितके खाली बांधता येईल तितके खाली बांधावे. मुलांच्या सायकलीस पाण्याची बाटली व एक पंचा, याहून अधिक नको. बसण्याची सीट अशी असावी की पायडल खाली गेले असता गुडघा किंचितच वाकलेला राहील. पुष्कळ पालक दोन वर्षे पुढचा विचार करून मोठी सायकल घेतात. ती शाळेपर्यंत कशीबशी चालते, लांबच्या वाटेवर मुलाचे हाल करते.

हत्यारांत पाने, पंप, सोल्यूशन, ठिगळे, ब्रेकची तार व थोडे तेल घेतले. जादा ट्यूबा मात्र प्रत्येक मापाच्या दोन-दोन घेतल्या. मोठ्या चाकाची ट्यूब खेड्यातील दुकानातही मिळते, वीस इंचीची मिळेलच असे नाही. आपल्या भागात पंक्चरचे मुख्य कारण वेड्या बाभळीचा काटा. तो टायरात रुतून बसतो व बाहेरून दिसत नाही. म्हणून ट्यूब दुरुस्त केल्यावर टायराच्या आतून हळूच बोट फिरवून काटा शोधावा. तो तसाच राहिला तर नवी ट्यूबही शंभर पावलांत बसते. हे काम थोरली इतके उत्तम शिकली की पुढे आम्ही नुसता पंप धरून उभे राहात असू.

ऋतूविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. मराठवाड्याचा उन्हाळा मुलांच्या प्रवासाचा नव्हे. पावसाळ्यात डांबरी रस्ता सोडून चाक काळ्या मातीत गेले की ती माती मडगार्ड व टायर यांमध्ये अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. डिसेंबर व जानेवारी हेच महिने चांगले.

आता रस्त्याचे भय. पालकांचा खरा प्रश्न हाच असतो व तो रास्त आहे. अंतर मुलास दमविते, पण घात करतो तो रस्ता. आमची रांग ठरलेली होती. पुढे मुलांची आई, मागे धाकटा, मग थोरली, सर्वांच्या शेवटी आम्ही, आणि तेही मुलांच्या रेषेहून हातभर उजवीकडे. म्हणजे मागून येणाऱ्या गाडीस आधी आम्ही दिसावे व तिने वळसा घालावा. डोक्यास हेल्मेट, अंगात भडक रंगाचा सदरा, मागे तांबडे परावर्तक. मागून मोठी गाडी आली की आम्ही “गाडी!” असे ओरडत असू व ती जाईपर्यंत कोणी मागे वळून पाहावयाचे नाही, असा नियम होता, कारण मूल मागे पाहते त्याच बाजूस त्याचे हँडल वळते. हे दिवस ऊसतोडीचे. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की मागची ट्रॉली कोणीकडे झुकेल याचा भरवसा नसतो. तेव्हा सर्वांनी खाली उतरून साइडपट्टीच्या पलीकडे उभे राहावे. यात वेळ जातो. तो जाऊ द्यावा. नव्या सिमेंटच्या रस्त्यांवर आणखी एक धोका आहे. कित्येक ठिकाणी सिमेंटची कड बाजूच्या मुरुमाहून चार बोटे उंच असते. लहान चाक खाली घसरले तर घाबरून तिरपे वर चढवू नये, चाक कडेस घासून मूल रस्त्यावरच पडते. थांबावे, उतरावे, सायकल उचलून वर ठेवावी. याचा सराव आम्ही शाळेच्या ओट्याशी केला. दहा वर्षांखालील मुलास वाहतुकीच्या हमरस्त्यावर एकटे चालवू देणे आम्हांस मुळीच मान्य नाही. जेथे वर्दळ फार तेथे आम्हीही उतरून चालत गेलो, आणि जेथे जुना गावरस्ता मिळाला तेथे लांब पडला तरी तोच धरिला. समृद्धी महामार्गाने का गेला नाहीत, असे एका विद्यार्थ्याने विचारले. तेथे सायकलीस मज्जावच आहे, आणि तो योग्य आहे.

या खेपेस दीडशेचे पाच भाग केले, तेही सारखे नव्हेत. पहिल्या दिवशी केवळ औंढा, सुमारे सतरा किलोमीटर. दहा वाजता पोहोचलो व सारा दिवस मोकळा मिळाला. नागनाथाच्या प्राचीन हेमाडपंती मंदिराच्या भिंतीवरील कोरीव काम मुलांनी बाहेरून फिरून पाहिले. गणिताच्या मास्तराची मुले म्हणून की काय, धाकटा तेथील हत्ती मोजू लागला व दोनदा चुकून पुन्हा आरंभापासून मोजू लागला. दुसऱ्या दिवशी जिंतूर. दिवाळीतील ती जागा आली तेव्हा आम्ही थांबलो. कापूस वेचून झाला होता, शेतात कोणी नव्हते. लिंबाखाली बसून दशमी व गूळ खाल्ला. त्या बाईचे नाव विचारावयाचे राहिले होते, याची फार चुटपुट लागली.

खाण्याविषयी येथेच सांगतो. पोटभर जेवून सायकलीवर बसू नये. तासातासाने थोडे खावे. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, केळी, गूळ यांहून उत्तम शिदोरी आम्हांस सापडली नाही. पाणी तहान लागण्यापूर्वीच घोट घोट प्यावे. ऊन लागले, जुलाब-वांती झाली, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून द्यावे. चमचा चहाचा, आणि मीठ अर्ध्याहून अधिक नको.

तिसऱ्या दिवशी जिंतुराहून चारठाण्यास आलो. वीसएक किलोमीटरांचा हा टप्पा आम्ही मुद्दाम लहान ठेविला होता. चारठाण्याची जुनी देवळे व उंच दगडी स्तंभ पाहण्यासारखे आहेत, आणि मोटारीने जाणारा प्रवासी ते न पाहताच पुढे जातो. रात्री एका शाळेच्या ओसरीवर निजलो. धाकट्याने आपली पिशवी उशाशी घेतली व ती टणक आहे म्हणून कुरकुर केली. तेव्हा थोरलीने त्यास याकोब धोंडा उशाशी घेऊन बेथेल येथे निजला होता, ती गोष्ट सांगितली. जालन्याजवळही बेथेल नावाची वसाहत आहे, ती रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसविली, आणि ते स्वतः ब्राह्मणकुळात जन्मून १८४३ साली ख्रिस्ती झाले, हे आम्ही त्यास जोडून सांगितले. “मग आपण बेथेलकडेच चाललो आहो,” असे म्हणून तो झोपी गेला.

चौथा दिवस सर्वांत लांबचा, मंठ्यावरून वाटूरपर्यंत, चाळीस किलोमीटरांच्या आसपास. वाटूर फाट्यावर मुलांच्या आईच्या सायकलीस पंक्चर झाले. थोरलीने चाक उघडले, काटा शोधला, ठिगळ लाविले. भोवती दहा-वीस माणसे जमली. एक वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले, “पोरीकडून असली कामं करून घेता, आणि रस्त्यानं फिरविता?” आम्ही उत्तर देणार तोच दुसरे कोणी म्हणाले, “बाबा, तुमची नात शाळेला कशानं जाते?” त्यावर सारे हसले, व वृद्ध गृहस्थही हसले. हा आक्षेप आमच्या नात्यातही निघाला होता. आम्ही त्यांस सांगितले की, १९८५ सालच्या डिसेंबरात बाबा आमटे यांची भारत जोडो यात्रा कन्याकुमारीहून काश्मीराकडे निघाली, तेव्हा सायकलीवर तरुणांबरोबर तरुणीही होत्या. आणि नाशिकहून पंढरपुरास २०१२ सालापासून जी सायकलवारी जाते तीत स्त्रिया व मुलेही असतात. नातेवाइकांस हे कितपत पटले ते ठाऊक नाही. थोरलीच्या हातास लागलेले वंगण तिने जालन्यापर्यंत पुरते धुतले नाही, एवढे खरे.

पाचव्या दिवशी मोसंबीच्या बागा दिसू लागल्या आणि दुपारी दोनच्या आत आम्ही जालन्यास पाहुण्यांच्या दारी उतरलो. मुलांच्या आजोबांनी धाकट्यास विचारले, “किती मैल आलास रे?” त्याने खिशातून वही काढून वाचून दाखविले की, आपण पायडलाचे ४६,८७५ फेरे मारून आलो. आजोबांनी तो आकडा दोनदा विचारून घेतला. आम्ही आपले फेरे सांगितले नाहीत. ते पुष्कळच कमी भरले असते. मुलांस जालन्यात दोन दिवस विश्रांती दिली. परत येताना सायकली ओळखीच्या एका टेंपोत घातल्या, कारण सुटी संपत आली होती व पाच दिवस उरले नव्हते.

ज्या विद्यार्थ्यांस आपल्या सायकलीचा एक फेरा किती मीटरांचा आहे हे काढून पाहावयाचे असेल, त्यांनी चाकाचे माप व दोन्ही चक्रांचे दाते कागदावर लिहून शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावे. पंक्चर काढण्यास ज्या मुलींस शिकावयाचे आहे त्यांनीही यावे. थोरली त्या वेळी तेथेच असते. येताना आपली जुनी फुटकी ट्यूब घेऊन यावी, आमच्या संपल्या आहेत.